दुरुस्तीचा तक्ता

विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. भाचीनं त्यावर धुतलेला रुमाल धरला, तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. कॉकपिटच्या वरच्या कोपऱ्यातून पेटीच्या एखाद्या स्वरानं गळा काढावा तसा आवाज आला. मी चमकून आत पाहिलं. आत कोणीच नव्हतं.

"स्टॉल वॉर्निंग," ती रुमालाची घडी घालत म्हणाली. "उडायच्या आधी रोज वाजवून बघायची."

फ्रीगंजातून देवास रस्त्याला लागलं, विक्रम विद्यापीठ मागं टाकलं आणि नागझिरीच्या पुढं गेलं, की दताना-मतानाची हवाईपट्टी लागते. भोवती पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. तिथं भाची काही महिने विमान शिकत होती आणि आमच्याकडे राहत होती. त्या दिवशी घरच्यांना विमान जवळून बघायची परवानगी मिळाली होती. सेसना १५२ : दोघांपुरतं, पंख डोक्यावर, पुढं चार सिलिंडरचं ११० अश्वशक्तीचं इंजिन. माणसं आणि पेट्रोल धरून जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. दार लावल्याचा आवाज पत्र्याच्या कपाटासारखा येतो. माझ्या पोटात गोळाच आला. आपली पोर यात बसून ढगांपर्यंत जाते!

पण त्या आवाजानं, आतल्या पेटीसारख्या रीडनं, मला पकडलं. पंखानं हवेला तोंड फार वर करून दिलं, की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. आधार जातो. याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. ती वेळ जवळ येऊ लागली की त्या भोकापाशी दाब घटतो, नळीतून हवा ओढली जाते आणि पायलटच्या डोक्याशी रीड वाजते. आधार सुटायच्या पाच ते दहा नॉट अगोदर. बॅटरी नाही, तार नाही, दिवा नाही. आमच्या पेटीत भाता हवा ढकलतो, इथं पंख ती ओढून घेतो, एवढाच फरक.

आमच्या घरी आजोबांची पेटी आहे. तिचा मधला कोमल निषाद उतरलेला आहे. दोनदा लावून आणला, दोन्ही वेळा पुन्हा उतरला. आता मी वाजवताना त्याच्यावर थांबत नाही, ओझरतं बोट लावून पुढं जातो. ऐकणाऱ्याला कळत नाही. मला मात्र तो कुठं आहे हे अंधारातही ठाऊक असतं.

आम्ही फ्रीगंजातले मराठी. आजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत ग्वाल्हेरहून इकडे आले आणि इथलेच झाले. रुळांच्या पलीकडे जुनं उज्जैन, महाकाळाचं. अलीकडे हे शिंद्यांच्या काळात आखलेलं नवं गाव. कागदावर त्याचं नाव माधवनगर. इथं माल आणणाऱ्याला जकात माफ होती म्हणून 'फ्री', आणि मंडई ती 'गंज', असं सांगतात. म्हणजे नावही अर्धं एका भाषेतलं, अर्धं दुसऱ्या. मीही तसाच. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र हिंदीतून शिकवलं, घरी येऊन विचार मराठीतून केला. मुलांना 'दिक्सूचक' म्हणायचं आणि मनात 'होकायंत्र'.

भाची आली ती 'टेक्निकल'ची जाडजूड पुस्तकं घेऊन. विमान चालवता येणं एक आणि त्याच्या पोटात काय आहे याची परीक्षा देणं दुसरं. चार पर्यायांतून एक निवडायचा. ती उत्तरं पाठ करत होती आणि मला ते बघवत नव्हतं. मास्तर निवृत्त होतो, त्याची खोड होत नाही. "पुस्तक मिट," मी म्हटलं. "हे बंद पडलं तर काय चालू राहतं, तेवढं सांग."

ती विचारात पडली. त्या दिवसापासून आमच्या माडीवर रात्री जेवणानंतर याच एका प्रश्नावर शाळा भरू लागली. कधी ती शिकवायची, कधी मी.

बॅटरी मेली तर? इंजिन चालूच राहतं. हे ऐकून हिनं, म्हणजे तिच्या मामीनं, भांडी घासता घासता मान वर केली. पण मला जुनी स्कूटर आठवली. तिलाही बॅटरीची पर्वा नव्हती. किक मारायची, चक्रातले चुंबक फिरायचे, ठिणगी पडायची. विमानाचा मॅग्नेटो त्याच कुळातला : इंजिनानं फिरवायचा, त्यानं इंजिनाला ठिणगी द्यायची. असे दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक गेला तरी दुसरा आहेच. पेट्रोलचंही तसंच. टाक्या डोक्यावर पंखांत, इंजिन खाली. पेट्रोल आपल्या वजनानंच उतरतं. स्कूटर चालू होईना तर आम्ही ती एका बाजूला वाकवायचो, ते उगाच नव्हतं. अल्टरनेटर गेला तर रेडिओ, दिवे आणि विजेवर चालणारे फ्लॅप हळूहळू जातील. इंजिनाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

"पण मामा, मॅग्नेटोत एक गंमत आहे," ती म्हणाली. "तो चालू करायला तार लागत नाही. बंद करायला लागते."

हे मात्र मला नवीन होतं. चावी 'बंद'वर नेली की एक तार मॅग्नेटोची वीज विमानाच्या अंगात, म्हणजे जमिनीत घातल्यासारखी, जिरवून टाकते. ती तार तुटली तर चावी बंद, दिवे बंद, आणि मॅग्नेटो मात्र जिवंत. कोणी सहज पंख्याच्या पात्याला हात लावून ढकललं तर इंजिन घरघरू शकतं. म्हणून उभ्या विमानाच्या पात्यालाही जिवंत समजूनच वागायचं.

उडण्याआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवतात आणि एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. एकाच प्लगवर जळण जरा मंदावतं, फेरे उतरतात. १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा. इतकं पुस्तकातही होतं. पण तिच्या शिकवणाऱ्यांनी विचारलं होतं, फेरे अजिबात उतरलेच नाहीत तर? वर्गातल्या अर्ध्या मुलांनी 'उत्तम' म्हणून सांगितलं. उत्तर होतं : इंजिन बंद करून खाली उतरा. काहीच उतरलं नाही, याचा अर्थ जो बंद केला तो बंद झालेलाच नसेल. तार तुटलेली असेल.

मी तीस वर्षं पेपर तपासले. एकही चूक नसलेली उत्तरपत्रिका हाती आली की मला आधी शेजारच्या बाकावरची उत्तरपत्रिका काढून बघावीशी वाटे. त्या रात्री पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूनं बोललं.

कार्ब्युरेटरचा धडा आमच्या कूलरनं दिला. माळव्यात उन्हाळा म्हणजे खसाचे पडदे. गरम वारा ओल्या खसातून येतो, पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरच्या गळ्यात तेच होतं, फक्त पाण्याऐवजी पेट्रोल. शिवाय गळा अरुंद, तिथं हवा पसरते आणि आणखी गारठते. वीसेक अंशांनी तापमान सहज खाली येतं. हवेत दमटपणा असेल तर त्याच गळ्यात बर्फ धरतो. गंमत अशी की बाहेर कडाक्याची थंडी लागत नाही. कडक थंडीत हवेत बाष्पच कमी असतं. श्रावणातली पंचवीस अंशांची ओली हवा, म्हणजे इकडे आपण खिडकीत बसून भजी खातो तो दिवस, त्याला फार सोयीचा.

यावर उपाय म्हणून एक दांडा असतो, कार्ब हीट. तो ओढला की धुराड्याभोवतीची तापलेली हवा आत येते. पण बर्फ वितळून ते पाणी आधी इंजिनातच जातं. त्यामुळं दांडा ओढल्यावर इंजिन प्रथम आणखी खोकतं, फेरे आणखी पडतात आणि मग सावरतं. नवख्याला वाटतं आपण चूक केली, आणि तो दांडा परत ढकलतो. "तेवढा वेळ हात तिथंच ठेवायचा," भाची म्हणाली, "आणि मनाचं ऐकायचं नाही." हिनं आतून विचारलं, ताप उतरायच्या आधी जरा वाढतो, तसंच ना? आम्ही दोघंही गप्प बसलो. तसंच.

मग आली पिटो नळी. पंखाखाली पुढं तोंड करून असलेली एक साधी नळी. समोरून येणारी हवा तिच्यात शिरून दाबते; बाजूच्या दुसऱ्या भोकातून स्थिर हवेचा दाब मिळतो; दोन्हींतल्या फरकावर वेगाचा काटा हलतो. १७३२ मध्ये आंरी पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं पॅरिसच्या सेन नदीत वाकडी नळी धरून प्रवाहाचा वेग मोजला, त्याची ही पणती. मी तारीख ऐकून थबकलो. साधारण त्याच सुमारास, माळव्याचा सुभेदार असलेला सवाई जयसिंह आमच्या क्षिप्रेकाठी दगड-चुन्याची वेधशाळा बांधवत होता. एक जण नदीचं पाणी मोजत होता, एक जण आभाळ.

या नळीचा वैरी कोण? कुंभारीण माशी. चिखलाचं घर बांधायला तिला असंच भोक लागतं. म्हणून विमान उभं केलं की नळीला टोपी घालायची आणि उडायच्या आधी आठवणीनं काढायची. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाता इथून निघालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. अनेक दिवस उभं असलेलं विमान, एक पिटो नळी बुजलेली, आणि संशय याच जातीच्या माशीवर. बुजलेल्या नळीत हवा कोंडून राहिली तर विमान जसं वर चढतं तसा वेगाचा काटाही वाढत जातो. तो काटा शून्यावर आला असता तर पायलटला कळलं असतं. त्यानं पटण्यासारखं काहीतरी दाखवलं, हाच घात.

हळूहळू आमच्या वहीत एक यादी तयार झाली. कोण काय करतो याची नव्हे. कोण कसं खोटं बोलतो याची. वेगाचा काटा असा. उंचीमापक हवेचा दाब बदलला तरी जुन्याच दाबावर उंची सांगत राहतो. होकायंत्र वळणावर आणि वेग बदलताना बहकतं. आणि सर्वांत धूर्त म्हणजे भोवरे.

विमानाच्या पाटीवर दोन काटे भोवऱ्यांवर चालतात : एक क्षितिज दाखवतो, एक दिशा. इंजिनाला जोडलेला पंप हवा ओढतो, ती हवा भोवऱ्याच्या चाकावरून जाते आणि ते मिनिटाला हजारो फेऱ्या घेतं. फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही. भोवती विमान कितीही कलो, तो होता तसाच. लहानपणी जाळी गुंडाळून भोवरा फिरवला त्याला हे वेगळं सांगायला नको. पण भोवरा मरतो कसा, हेही त्याला माहीत असतं. पंपातल्या कार्बनच्या पट्ट्या एखाद्या दिवशी न सांगता मोडतात. हवा थांबते. भोवरा मात्र लगेच थांबत नाही. काही मिनिटं फिरत राहतो, मग डुलायला लागतो. ढगात असाल तर काट्यावरचं क्षितिज इतक्या सावकाश कलतं, की माणूस त्याच्याबरोबर विमानही कलवत नेतो. पंपाचा ओढा दाखवणारा छोटा काटा कुठंतरी कोपऱ्यात असतो. त्याच्याकडे बघायची सवय लावून घ्यावी लागते.

"नव्या विमानांत हे नाही," ती सांगायची. नव्या सेसना १७२ मध्ये काट्यांऐवजी दोन मोठे पडदे असतात. फिरणारा भोवरा नाही. कुठंच न फिरणारे इलेक्ट्रॉनिक संवेदक विमानाचा कल मोजतात, चुंबकमापी त्यांना दिशा पुरवतो, आणि आतला संगणक क्षणाक्षणाला जुळवून घेतो. जुन्या मास्तराला नव्याची खोडी काढायला आवडतं, म्हणून मी विचारलं, "आणि ते खोटं कसं बोलतं?" ती म्हणाली, "आतल्या हिशेबाचा मेळ बसेना, की त्या जागी मोठी लाल फुली येते." मी गप्प झालो. मला माहीत नाही, असं ठळक सांगणारं यंत्र! शिक्षक म्हणून मलाही ते कधी फारसं जमलं नव्हतं. फक्त एकच रुखरुख राहिली. तो मेळ कसा घातला जातो ते पडद्यामागं राहतं. तिच्या जुन्या काट्यांत सगळी दुरुस्ती हातानं करावी लागे, म्हणून ती तिला ठाऊक होती.

ठाऊक होती, तरी चुकली.

हिवाळ्याचे दिवस. एकटीची लांबची फेरी : रतलामच्या अंगानं जायचं, नागद्यावरून परत. नागद्याहून उज्जैनकडे येताना खाली रूळ सोबत असतात, त्यांना धरून यायचं. धुरकट हवा होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, रूळ डावीकडे पार लांब गेलेत. गंभीर धरणाचं पाणी बरंच उजवीकडे राहायला हवं होतं, ते जवळजवळ नाकासमोर आलं होतं. दिशेचा काटा मात्र नेमका, जिथं हवा तिथंच. तिनं वरच्या होकायंत्राकडे पाहिलं. दहा अंशांचा फरक.

दिशेच्या भोवऱ्याला उत्तर कळत नाही. निघताना होकायंत्र पाहून तो लावावा लागतो, आणि मग दर दहा-पंधरा मिनिटांनी, सरळ आणि स्थिर उडत असताना, पुन्हा. ती नागद्याच्या गडबडीत विसरली होती. तिनं काटा जुळवला, डावीकडे वळली, रूळ पकडले आणि घरी आली. रात्री जेवताना सांगितलं तेव्हा हिचा घास हातातच राहिला. मी मात्र कागद ओढला. साठ किलोमीटर जाताना एक अंशाची चूक म्हणजे एक किलोमीटर. हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. दहा अंश म्हणजे दहा किलोमीटर. तीस किलोमीटरमध्येच पाच.

"पण तो हलतो कशामुळं, मामा? घर्षण?"

घर्षण आहेच. पण ते नसतं तरी हलला असता. भोवरा आपला आस आकाशात घट्ट धरून ठेवतो. त्याच्याखालची पृथ्वी फिरते. तासाला पंधरा अंश. ध्रुवावर हे पूर्ण पंधरा दिसतील, विषुववृत्तावर शून्य, मध्ये कुठंतरी मध्ये. उज्जैनचा अक्षांश सुमारे २३ अंश. त्याच्या ज्येनं गुणलं तर तासाला जवळजवळ सहा. म्हणजे त्या काट्याच्या चुकीतला काही वाटा काट्याचा नव्हताच. भोवरा आपल्या जागी होता. आपण हललो होतो.

त्या रविवारी तिला वेधशाळेत घेऊन गेलो. फेब्रुवारीचा मध्य होता. सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळाची, ती तिरपी भिंत तिनं शाळेत असताना पाहिली होती, पण तेव्हा तिच्याभोवती पकडापकडी खेळण्यापुरतीच. "हिचा कोन किती असेल, सांग?" तिनं भिंतीच्या कडेवरून नजर फिरवली, आभाळात ध्रुवाच्या दिशेला नेली, आणि हसली. तेवीस. उज्जैनचा अक्षांश. तिच्या काट्याला भरकटवणारा आकडा दोन-अडीचशे वर्षांपेक्षा जास्त काळ इथं दगडात उभा होता. सावली पायऱ्यांच्या कमानीवरून सरकत होती. तीच ती तासाला पंधरा अंशांची पृथ्वी.

तिनं सावलीवरून वेळ वाचली आणि मनगटाकडे पाहिलं. घड्याळ एक्केचाळीस मिनिटं पुढं.

"हेही खोटं?"

खोटं नाही. ही उज्जैनच्या सूर्याची वेळ. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेनं चालतं. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, म्हणून सत्तावीस मिनिटं मागं. त्यात सूर्याची स्वतःची वर्षभराची चालढकल : नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुरुस्ती अकराच मिनिटांची, फेब्रुवारीच्या मध्याला एक्केचाळीस. म्हणून अशा यंत्राशेजारी दुरुस्तीचा तक्ता लागतो. तो पाहून वेळेत मिनिटं मिळवायची, की सावली आणि घड्याळ एकमेकांना भेटतात. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ही पडझड झालेली वेधशाळा दुरुस्त करवली. गोविंद सदाशिव आपटे इथले पहिले अधीक्षक. पंचांगाचं गणित आकाशाशी ताडून बघायचं तर दोन्हींमधलं अंतर आधी मोजावं लागतं. आपट्यांसारख्या गणिती ज्योतिष्याला ते सांगावं लागलं नसेल.

भाची म्हणाली, "आमच्या होकायंत्राखालीही असतो. छोटं कार्ड. उत्तरेला जायचं असेल तर एवढे अंश धरा, पूर्वेला एवढे." विमानाचं लोखंड, रेडिओ, तारा, सगळे होकायंत्राला थोडं थोडं फसवतात. ते किती, हे जमिनीवर विमान फिरवून मोजतात आणि लिहून ठेवतात. प्रत्येक विमानाचं कार्ड वेगळं.

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. खालून क्षिप्रेचा वारा येत होता. ती कोरड्या गवतावर बोटानं काहीतरी गणित करत होती. मी मनात आमच्या घरची कार्डं मांडत होतो. हिचं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं, मुद्दाम. माझी स्मरणशक्ती नावांना उत्तम, तारखांना वजा दहा.

ती पास झाली, पुढच्या शिक्षणाला गेली. आता दोन पडद्यांच्या विमानात बसते. तिथं दिशा आपोआप जुळते. तरी सवय जात नाही म्हणते. दर पंधरा मिनिटांनी नजर वरच्या होकायंत्राकडे जातेच. आमच्याकडेही ती सवय सोडून गेली आहे. माझा एखाद्या गोष्टीवरून आवाज चढायला लागला, मुद्दा भलतीकडे निघाला, की ही शांतपणे म्हणते, "पंधरा मिनिटं झाली."

मग मी थांबतो. रूळ कुठं आहेत ते बघतो. बहुतेक वेळा ते डावीकडे लांब गेलेले असतात. पेटी ओढतो, भाता हलवतो, आणि कोमल निषादावर ओझरतं बोट लावून पुढं जातो.